सोमवारची वडी

गळ टाकून नदीकांठीं बसलेल्या मनुष्याविषयीं जगाचें मत फारसें चांगलें नसतें. त्याला आळशी म्हणावें, तर तो पहांटे चारला उठून चिखल तुडवीत आलेला असतो. उद्योगी म्हणावें, तर सबंध दिवस तो एका दोराच्या टोंकाकडे पाहत बसलेला असतो. त्यांतून तो महाविद्यालयांत इंग्रजी शिकविणारा प्राध्यापक असला, म्हणजे लोकांच्या कुतूहलाला सीमाच राहत नाहीं. "काय सर, आज किती?" हा प्रश्न रोह्याच्या बाजारांत मला इतक्या वेळां विचारण्यांत आला आहे, कीं कोणी परीक्षेच्या निकालाविषयीं विचारलें तरी माझा हात नकळत पिशवी लपवूं पाहतो.

या छंदाच्या समर्थनार्थ मी आजवर एकच गोष्ट सांगत आलों. गळ मनुष्याला वाट पाहावयास शिकवितो. मासा लागणें हा योग. वाट पाहणें ही विद्या. ही विद्या आपल्याला साध्य झाली आहे, असा गेलीं सव्वीस वर्षें माझा समज होता. यंदाच्या पावसाळ्यांत उजवा हात मोडला, शस्त्रक्रिया झाली, नदी सुटली, आणि तो समज किती कच्चा होता तें कळून आलें. त्याची ही हकीगत.

अपघात झाला तो वलगणीच्या रात्रीं. कोंकणाबाहेरच्या वाचकांना हा शब्द कदाचित् ठाऊक नसेल. मृगाचा पहिला मोठा पाऊस पडून ओढे तांबडें पाणी घेऊन धांवूं लागले, कीं नदींतले मासे अंडीं घालण्यासाठीं प्रवाहाच्या उलट चढतात आणि ओढ्यांतून थेट भातखाचरांत शिरतात. याला आमच्याकडे वलगण म्हणतात. त्या रात्रीं बत्त्या, टोपल्या आणि पाग घेऊन माणसें शेतांच्या बांधांवर लोटतात. खरें पाहतां अंड्यांनीं भरलेला मासा त्या वेळीं मारूं नये; पुढच्या वर्षाचें बीज त्याच्याच पोटांत असतें. मी वलगणीला गळ टाकीत नाहीं, नुसता पाहावयास जातों. चार बोटें पाण्यांतून अंग घासीत, उसळी मारीत वर चढणारा मासा पाहणें हा एक सोहळाच असतो. परंतु केवळ पाहावयास गेलेल्या मनुष्याचाही पाय शेवाळावरून घसरतो. बांधावरून खालीं उतरतांना माझा तोल गेला, पडतां पडतां मीं उजवा हात पुढें केला, आणि मनगट व कोंपर यांच्यामधलीं दोन्ही हाडें मोडलीं.

दुसऱ्या दिवशीं शस्त्रक्रिया झाली. मला पूर्ण भूल न देतां खांद्यापाशीं सुई टोंचून फक्त हात बधिर केला होता. पडद्यापलीकडे डॉक्टर पोलादी पट्ट्या बसवीत होते. सुताराचा सामता फिरावा तसा आवाज मला स्पष्ट ऐकूं येत होता. वेदना मात्र मुळींच नव्हती. सारें आटोपल्यावर परिचारिकेनें माझा हात उचलून माझ्याच छातीवर आणून ठेवला. तो थंड, ओलसर, जड हात माझा आहे हें मला पटेना. आजवर असें थंड, ओलसर, जड कांहीं हातीं आलें, कीं तें टोपलींत टाकून मी पुढचें आमिष लावीत असें. त्या क्षणीं गळाला लागलेल्या माशाविषयीं जो विचार माझ्या मनांत आला, तो येथें लिहीत नाहीं. तो लिहिला तर मला छंद सोडावा लागेल.

हाड जुळायला किती दिवस लागतील, असें मीं विचारलें. "दोन-तीन महिने धरा," डॉक्टर म्हणाले, "दर वेळीं चित्र काढून पाहूं." १८९५ सालीं राँटगेननें क्ष-किरणांचा शोध लावला, म्हणून हाडाची प्रगति आज डोळ्यांनीं पाहतां येते. त्यापूर्वीं वैद्याला ती बोटांनीं चांचपून आणि दिवस मोजूनच ओळखावी लागे. दिवस मोजण्याची ही जुनी रीति पाहावी म्हणून घरीं आल्यावर मीं सुश्रुतसंहिता काढली. भग्नचिकित्सेच्या अध्यायांत मोडलेल्या हाडाला कोणत्या झाडांच्या पट्ट्या बांधाव्या तें सांगितलें आहे. त्यांत पिंपळ, उंबर, पळस यांच्याबरोबर वेळूही आहे. ज्या वेळूची काठी करून मी आजवर मासे धरले, त्याच वेळूची कामटी मोडक्या हाताला! सुश्रुत पुढें म्हणतो, कीं बालवयांत सांधा एका महिन्यांत स्थिर होतो, मध्यम वयांत दोन महिन्यांत आणि उतारवयांत तीन. पंचावन्न वर्षांच्या मनुष्यानें स्वतःला कोणत्या वर्गांत धरावें, हा मोठा नाजूक प्रश्न होता. सुदैवानें सुश्रुतानें मध्यम वयाची मर्यादा सोळापासून सत्तरपर्यंत ताणली आहे. इतका उदार ग्रंथकार मीं दुसरा पाहिला नाहीं.

दोन महिन्यांच्या या हिशेबांत आणखीही एक समाधान सांपडलें. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत महाराष्ट्राच्या सागरी हद्दींत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. समुद्र खवळलेला असतो, आणि पुष्कळ जातींच्या मासळीचा तो विणीचा काळ असतो. रेवदंड्याच्या बाजूच्या होड्या किनाऱ्यावर ओढून झांकून ठेवतात, आणि कोळी नारळी पौर्णिमेकडे डोळे लावून जाळीं विणीत बसतात. सबंध दर्याला जी सुटी मिळते, ती एका प्राध्यापकाच्या हाताला मिळाली तर त्यांत तक्रार कसली? अशी मीं मनाची समजूत घातली. ती आठ दिवस टिकली.

नवव्या दिवशीं रविवार होता. पहांटे चारला नेहमीप्रमाणें जाग आली. पाऊस उघडला होता. कोपऱ्यांत तिन्ही काठ्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. आश्चर्य असें, कीं आजवर लागलेले मासे मला फारसे आठवेनात. आठवे तो मासा लागण्यापूर्वींचा क्षण. पाण्यावरचा बोरूचा तुकडा अजून हललेला नसतो, पण दोरांतून कांहींतरी वर येतें आणि उजव्या हाताच्या तर्जनीला कळतें. तळाशीं खेकडा आमिष चाळवतो आहे, कीं शिंगाळा आला आहे, कीं जिताडा, हें माझी तर्जनी मला सांगे. जिताडा हा आमच्या खाडीचा राजा. तो जन्मतो नर म्हणून आणि वयानें वाढला म्हणजे मादी होतो, ही त्याची आणखी एक ख्याति. वर्षांतून एखाद्या वेळींच तो माझ्या गळाकडे वळे. पण तो आल्याचें तर्जनीला ओळखूं येई. आतां त्याच तर्जनीला रात्रंदिवस मुंग्या येत होत्या. मी रुमालाचें सूत ओढून पाही, पुस्तकाच्या पानाची कड चांचपून पाही. बोट कांहींच सांगेना. "येईल हळूहळू," डॉक्टर म्हणत. येईल याचा दुसरा अर्थ न येण्याचाही संभव आहे, हें भाषेच्या प्राध्यापकाला निराळें सांगावें लागत नाहीं.

आणि नदी तर जवळच होती. आमची कुंडलिका चैत्र-वैशाखांतही वाहते. कोंकणांतल्या फार थोड्या नद्यांचें हें भाग्य आहे. या भाग्याला कारण आहे. १९२७ सालीं भिऱ्याचें वीजगृह सुरू झालें. तेव्हांपासून मुळशीच्या धरणांत अडविलेलें, एरवीं पूर्वेकडे भीमेला जाऊन मिळणारें पाणी सह्याद्रीच्या खालीं उतरतें, वीज निर्माण करतें आणि कुंडलिकेंत येऊन पडतें. त्या धरणाखालीं ज्यांचीं शेतें आणि घरें जाणार होतीं, त्या मावळांतल्या लोकांनीं १९२१ सालीं सत्याग्रह केला. सेनापति बापट त्यांत तुरुंगांत गेले. धरण व्हावयाचें तें झालेंच. वैशाखांत त्या पाण्यांत पाय सोडून बसणाऱ्या मला हा इतिहास पाठ होता. वर्गांत मीं तो विद्यार्थ्यांना चार वेळां सांगितलाही होता. परंतु आपलें सुख कोणाच्या खर्चावर चाललें आहे, हें मनुष्याला इतिहासांत जितकें लवकर दिसतें, तितकें घरांत दिसत नाहीं. मला तें दिसलें एका वडीमुळें.

आमच्या घरीं मासळी वर्ज्य नाहीं. फक्त सोमवारीं ती शिजत नाहीं, आणि श्रावण पाळतात. सोमवारीं जेवणांत बहुधा खोबऱ्याची वडी असते. ती इतकीं वर्षें असते, कीं सोमवार म्हटला म्हणजे महादेवाच्या आधीं मला वडीच आठवते. सौ.ला ती करण्याची हौस आहे, असें मी धरून चाललों होतों. शस्त्रक्रियेनंतर माझ्या सदऱ्याचीं बटणें लावण्यापासून भात कालवून देण्यापर्यंत सर्व कामें तिच्याकडे आलीं होतीं. जुलै महिन्यांतल्या एका सोमवारीं पाटावर बसतांना मीं सहज म्हटलें,

"अलीकडे सोमवारची वडी होत नाहीं?"

ती माझ्यासाठीं पोळीचे तुकडे करीत होती. मान वर न करतां म्हणाली, "रविवारीं नारळ खवलेला कुठें असतो आतां?"

"म्हणजे?"

"अहो, तुम्ही नदीवर गेलांत म्हणजे संध्याकाळीं मी नारळ खवून ठेवतें. मासे आणलेत तर वाटण करायला वेळ लागूं नये म्हणून. नाहीं आणलेत, तर दुसऱ्या दिवशीं त्याच्या वड्या करतें."

"आणि मासे नसले तर रविवारीं रात्रीं आपण काय जेवतों?"

"वरण केलेलें असतें कीं!" ती म्हणाली. "वरण नेहमींच केलेलें असतें."

तिच्या बोलण्यांत तक्रारीचा सूर नव्हता. शाळेंतल्या मुलाला पाढा सांगावा तसें तिनें तें सांगितलें आणि ताट माझ्यापुढें सरकवलें. मी मात्र हिशेब करीत बसलों. पावसाचे, परीक्षांचे आणि श्रावणाचे रविवार वगळले तरी वर्षाला तीस उरतात. सव्वीस वर्षांचे झाले सातशें ऐंशी. सातशें ऐंशी संध्याकाळीं या बाईनें घरांत दोन स्वयंपाकांची तयारी ठेविली. एक मी यशस्वी होऊन येईन म्हणून, आणि एक येणार नाहीं म्हणून. रिकामा परत आलेल्या मला तिनें कधीं कांहीं विचारलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं माझें अपयश साखर घालून, वेलदोडा लावून, चौकोनी कापून ती माझ्याच पानांत वाढीत होती, आणि मी तें आवडीनें खात होतों.

आयझॅक वॉल्टनचें मासेमारीवरचें पुस्तक १६५३ सालीं निघालें, तेव्हां तो साठीच्या घरांत होता. तीस वर्षें तें माझ्या उशाशीं आहे. त्या दिवशीं मीं तें पुन्हां चाळलें. गळ कसा टाकावा, कोणत्या माशाला कोणतें आमिष द्यावें, हें सारें त्यांत आहे. धरलेला मासा रांधून देणारी खाणावळीची मालकीणही आहे. पण मासा आला नाहीं, तर त्या रात्रींसाठीं वरण करून ठेवणारी कोणी आहे कीं काय, हें पाहण्याचें मला इतक्या वर्षांत सुचलें नव्हतें.

जुलैच्या अखेरीस हाताचे व्यायाम सुरू झाले. मूठ वळतां येऊं लागली. कोंपर सरळ झालें. एकच गोष्ट होईना. तळहात उताणा होईना. काठी धरायची तर तळहात खालीं असला तरी चालतो, खडू धरायला चालतो, सही करायलाही चालतो. परंतु दुसऱ्यानें दिलेलें कांहीं घ्यावयाचें म्हटलें, कीं पसा वर करावा लागतो, आणि नेमका तो माझा आडवाच राही. देवापुढचें तीर्थ घेतांना तें मनगटावरून ओघळून जाई. रोज शंभर वेळां तळहात वर करण्याचा प्रयत्न करणें, एवढेंच माझ्या हातीं होतें.

माझें सासर पेणचें. पेणच्या गणेशमूर्ति आतां देशोदेशीं जातात. पण आमच्या लेखीं ती बाजारपेठ नव्हे. लग्नाच्या वर्षापासून आमचा पाट पेणला जातो आणि त्यावर शाडूचा गणपति बसून येतो. दरवर्षीं मूर्ति मांडीवर घेऊन आगगाडींतून मी आणीत असें. यंदा तेवढा भार सांभाळण्याइतका माझा हात भरंवशाचा नव्हता, म्हणून सौ. एकटीच गेली. "सहापर्यंत येतेंच," असें सांगून ती सकाळीं निघाली.

सहा वाजले. पावसाची एक मोठी सर येऊन गेली. साडेसहाला मीं तिला फोन लावला, तो स्वयंपाकघरांत डब्यांच्या मागें वाजूं लागला. ती तो विसरून गेली होती. मी स्वतः नदीवर फोन कधींच नेत नाहीं. तो वाजला तर मासे बिथरतात, असें मीं घरीं सांगून ठेविलें आहे. माशांना तो खरोखर ऐकूं जातो कीं नाहीं, याची चौकशी मीं केली नव्हती.

ती थकून येईल म्हणून भात तरी टाकावा, असें मनांत आलें. डाव्या हातानें तांदूळ धुतले. निम्मे मोरींत गेले. मग प्रश्न पडला, चूल आतां पेटवावी कीं थांबावें? आतांच पेटवली आणि ती आठला आली, तर भात गार होणार. न पेटवावी आणि ती पांच मिनिटांत दारांत उभी राहिली, तर आल्यापावलीं तीच पदर खोचणार. शिवाय भावजयीनें जेवूनच पाठविलें असलें तर? नुसत्या भातानें भागणार नाहीं, वरणही हवें. आणि वरणाला किती पाणी घालतात तें मला ठाऊक नव्हतें. मध्येंच दिवे गेले. मी दाराशीं गेलों, परत आलों, पुन्हां गेलों. साडेसातपर्यंत मला राग येत होता. त्यानंतर भय वाटूं लागलें. आणि भय वाटूं लागल्याबद्दल पुन्हां राग आला.

त्या अंधारांत बसून मला एक गोष्ट उमगली. नदीवर मी ज्याची वाट पाहतों, तें न आलें तरी माझें कांहीं बिघडत नाहीं. जिताडा आला नाहीं म्हणून मी कधीं उपाशी राहिलों नाहीं, कीं त्याला वाटेंत कांहीं झालें असेल म्हणून घाबरलों नाहीं. माझी ती वाट पाहणें ही सुटी होती. तिला एक टोंक होतें, तें हातांत धरतां येत होतें, आणि कंटाळा आला म्हणजे गुंडाळून घरीं येतां येत होतें. घरांतल्या मनुष्याला ही सोय नसते. त्याचे हात भाताला, दिव्याला, दाराच्या कडीला लागलेले असतात, आणि सारें लक्ष रस्त्यावरच्या पावलांकडे असतें. ज्याला मी विद्या म्हणत होतों, तिचा हा कठीण भाग माझ्या घरांत दुसरेंच कोणी मुकाट्यानें शिकत होतें. जिताडा मोठा झाला म्हणजे त्याची मादी होते, हें प्राणिशास्त्र मला पूर्वींपासून ठाऊक होतें. त्यांत कांहीं शहाणपण असावें, अशी शंका मात्र त्या रात्रीं प्रथमच आली.

सवानऊला ती आली. मूर्ति छातीशीं धरलेली, वर रुमाल, लुगड्याचा कांठ भिजलेला. "अहो, नागोठण्याला गाडी दोन तास उभी होती!" तिनें दारांतूनच सांगितलें. माझ्या ओंठांवर एक वाक्य तयार होतें. 'निदान कळवायचें तरी' अशी त्याची सुरुवात होती. तें मीं गिळलें. कारण तें वाक्य मला उद्देशून या घरांत सव्वीस वर्षांत कोणीही उच्चारलें नव्हतें.

गणपति पाटावर ठेवून ती स्वयंपाकघरांत गेली. तेथें अर्धा कच्चा, अर्धा लागलेला भात होता. ती त्याकडे पाहत उभी राहिली.

"तुम्ही वाट पाहत होतांत?"

"तीन तास," मीं कांहींशा अभिमानानें सांगितलें.

"तीनच?" ती म्हणाली आणि हंसली. मग तिनें त्याच भातावर ताक घातलें आणि आम्ही जेवलों.

गणेशचतुर्थीला तीर्थाचे दोनच थेंब सांडले. बाकीचें पशांत राहिलें. शेवटचें चित्र पाहून डॉक्टरांनीं हाडें जुळल्याचें सांगितलें. तर्जनीच्या मुंग्या बऱ्याच कमी झाल्या आहेत. अगदीं टोंकाशीं थोडा बधिरपणा आहे, तो राहीलसें दिसतें. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीं धावीर महाराजांची पालखी झाली. त्यानंतरच्या रविवारीं मीं पुन्हां काठी काढली. सौ.ला बरोबर येतेस का म्हणून विचारलें. "मला नाहीं बाई त्या चिखलांत बसायचें," ती म्हणाली. तेव्हां मीं दुसरी गोष्ट केली. साडेसहाला घरीं येतों, असें सांगून निघालों, आणि फोन खिशांत टाकला.

जाणकार वाचक मला सांगतील, कीं हा कांहीं मासे धरण्याचा मार्ग नव्हे. मासा घड्याळाकडे पाहत नाहीं. आणि अंधार पडण्यापूर्वींचा अर्धा तास हाच गळाला सर्वांत चांगला. मलाही तें ठाऊक आहे. सबंध दुपार डाव्या हातानें गळ टाकला. एकही लागला नाहीं. सहा वाजायला आले तेव्हां ऊन पैलतीरावर अष्टमीच्या बाजूला उतरलें होतें. मीं दोर उजव्या हातांत घेतला, तर्जनीवरून सोडला, आणि मुकाट बसलों. कांहीं कळतें आहे, कीं मला तसा भास होतो आहे, हें ठरेना. इतक्यांत बोरूचा तुकडा एकदां थरथरला.

सहा वाजले होते. मीं दोर गुंडाळला आणि घरीं फोन करून कळवलें, कीं आज वरण.

"बरें झालें," तिकडून उत्तर आलें. "नारळ खवून झाला आहे."